वऱ्हाडपांडे, क्रमांक सतरा

मे महिन्यात गोळीबार चौकात
शटर अर्धं पाडूनच दुकान चालवावं लागतं.
अर्ध्या शटरखालून आधी त्यांच्या चपला आल्या,
मग मिटलेली छत्री,
मग बंडीच्या खिशातला पेनड्राइव्ह, घामाने कोमट.
"साठ कार्डं. सहस्रचंद्रदर्शन आहे माझं.
बाकी काही चुकलं तरी चालते, नाव नीट पाहिजे."

फाइल उघडली तर नाव नव्हतंच.
चौकोन होते. रिकामे, एका मापाचे,
भाड्याने द्यायच्या गाळ्यांसारखे ओळीने उभे.
"हा मी आहो का?" मार्तंडकाका स्क्रीनला म्हणाले.
म्हटलं, आहात तुम्ही आत. मशीनजवळ तुमचं अक्षर नाही.

मशीन दिराचं, जुनं.
लिनक्स टाकलं ते फुकट मिळालं म्हणून, हे कबूल.
ठेवलं मात्र यासाठी, की बिघडलं तर
का बिघडलं ते निदान पुटपुटतं.

फॉन्ट आणला. बसवला.
चौकोन गेले, आणि एक वेलांटी उरली
टिंबांच्या गोलावर बसलेली.
पंगतीत कुणी यायचं राहिलं
तरी पान मांडून ठेवावं,
तसा तो गोल.

तासभर शोधलं.
सापडलं ते माझंच पाप:
दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या घाईत
मीच ठेवलेला जुना फॉन्ट,
टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरात.
टिंबाने सुरू होतं ते दिसत नाही.
नाव नव्यासारखंच, अंगात अर्धीच अक्षरं,
आणि मशीन बिचारं आधी घरच्याला विचारतं.
उडवला. यादी पुन्हा करायला लावली.

वर्हाडपांडे.

रफार ह च्या डोक्यावर, टोपीसारखा.
काका हसले. "दाखल्यावर वराडपांडे लिवलं मास्तरनं.
रेशन कार्डावर वर्हाटपांडे.
पेन्शनवाल्यानं तर कंटाळून नुसतं पांडे केलं.
ऐंशी वर्षं माणसाईले जमलं नाही,
मशीनले काहून बोल लावतेस?"

पण मला लागलं ते.
र आणि ह च्या मधे एक खूण असते,
तिला रुंदी नाही, शाई नाही,
कीबोर्डवर तिची कळ नाही.
ती गळाली की र उडी मारून
पुढच्याच्या डोक्यावर बसतो.
नातवाच्या फोनमधून येताना गळाली असेल.
परत ठेवली.
र वाकला, त्यांच्या मिशीच्या टोकासारखा,
आणि आपल्या जागी राहिला.

छाप म्हटलं, तर प्रिंटरच नाही.
काळी खिडकी उघडून बसले:
गेला, क्रमांक चौदा.
आला, क्रमांक पंधरा.
गेला.
तीच वायर, तेच भोक, तोच सहा वर्षांचा प्रिंटर,
दर वेळी नव्याने ओळख.
वायर बदलली. आला, सोळा. गेला.

"तुझा कूलर," काका म्हणाले,
"पाणी ओढते तवा बल्ब मिचकते."
खरंच. पंप धडधडला की आकडा पुढे.
मी ऐकत होते मशीनचं,
ते ऐकत होते खोलीचं.

कूलर बंद केला.
खसच्या टट्ट्यांतलं पाणी ठिबकत राहिलं थोडा वेळ,
मग तेही थांबलं.
क्रमांक सतरा टिकला.

चव्वेचाळीस डिग्रीत साठ कार्डं.
फसलेल्या कार्डाने ते मला वारा घालत होते,
मी नको म्हणत होते, ते घालत होते.
शेवटचं निघालं तेव्हा त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं,
अंगठा नावावर ठेवला, उचलला,
अंगठ्याला शाई लागली. काही बोलले नाहीत.

शटरखाली वाकताना मागे वळले.
"आधीचं ते, टोपीवालं,
त्यातलंबी एक काढून दे.
बँकेत तेच आहे."